पलंगाखालच्या तीन बरण्या: नातीने झाकून ठेवलेलं आजीचं विसरणं

मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. स्मृतिभ्रंशाच्या बाह्यरुग्ण विभागात तपासणी डॉक्टर करतात. घरात कोण काय करतं, कोणाला झेपतं, पैसा कुठून येतो, हे बघणं माझं काम. हे प्रकरण कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नावं दिलेली नाहीत. आजी, नात, आई, बाबा, काका एवढ्यावर भागेल.

पार्श्वभूमी

आजी ७६ वर्षांची. माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं, शिक्षण चौथीपर्यंत. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आली, ती दहा बाय सोळाच्या खोलीत. नवरा गिरणीत. तीन मुलं झाल्यावर एका पगारात भागेना, म्हणून तिने खानावळ घातली. सगळं मिळून बावीस मेंबर. बहुतेक गडी गावाकडे बायकामुलं ठेवून आलेले, पाळीनुसार जेवायला येणारे. गिरणगावात अशा बायका शेकड्यांनी होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, सावकाराच्या व्याजातून त्या सुटाव्यात म्हणून.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, मेंबर एकेक करून गावी गेले, आणि त्यांच्याकडची येणी आजीच्या वहीत तशीच राहिली. ती वही अजून आहे. कोणाकडे किती राहिले, हे आजी आजही वही न उघडता सांगते. हे आम्हाला पुढे तपासणीत उपयोगी पडलं आणि सुरुवातीला त्यानेच सगळ्यांना चकवलं. ‘चाळीस वर्षांपूर्वीचे सव्वीस रुपये आठवणाऱ्या बाईला विसरायचा आजार कसा असेल?’ असं बाबा शेवटपर्यंत म्हणत होते.

नात सात महिन्यांची असताना आई दादरच्या एका साडीच्या दुकानात कामाला लागली, आणि तेव्हापासून पोर आजीचीच. न्हाऊ-माखू, शाळेची ने-आण, वेणी, डबा, दोघींचं एका पलंगावर झोपणं. आजी घरात मालवणी बोलते. बाबा शुद्ध मराठीत उत्तर देतात, नात मालवणीतच. दोघींची एक लकब होती. आजी वाक्य अर्धं सोडायची आणि नात ते पुरं करायची. ‘ता खयचा ता...’ म्हटलं की नात म्हणायची, ‘खवणीचं पातं’. चाळीत सगळ्यांना याचं कौतुक. मीही पहिल्या दिवशी हसले होते.

बाबा कुरिअर कंपनीत, बहुतेक दुपारपाळी. आई घरी पोचते साडेनऊला. काका बदलापूरला, आत्या ठाण्याला. म्हणजे कॉलेजवरून आल्यापासून रात्रीपर्यंत घरात दोघीच.

प्रश्न कसा उघडा पडला

चाळ १९४० पूर्वीची, उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींपैकी. पुनर्विकासाचं घोंगडं अनेक वर्षं भिजत पडलेलं. त्या वर्षी मे महिन्यात खोल्या रिकाम्या करायचं पक्कं झालं आणि सामान बांधायला सुरुवात झाली. पलंगाखालची ट्रंक ओढताना आईच्या हाताला तीन बरण्या लागल्या. तिन्ही भरलेल्या, मालवणी मसाल्याच्या. एक स्वयंपाकाच्या कट्ट्यावर होती ती वेगळीच.

वर्षाचा मसाला आजी मे महिन्यात करते. मिरची, धणे, दगडफूल, नागकेशर आणून, उन्हात वाळवून, भाजून गल्लीतल्या ठरलेल्या दुकानातून कुटून आणायचा. त्या मे महिन्यात तिने तो चार वेळा केला होता. पलंगाखालच्या प्रत्येक बरणीवर नातीच्या अक्षरात चिठ्ठी होती: ११ मे, १६ मे, २१ मे. तिसरीवर खाली बारीक लिहिलेलं, ‘धणे नाहीत’.

आईने आधी मुलीलाच फैलावर घेतलं. ‘मला का नाही सांगितलंस?’ मुलगी गप्प. मग तिने बुक-कीपिंगची वही आणून आईपुढे ठेवली. मागची नऊ पानं भरलेली होती. डावीकडे तारीख, उजवीकडे नोंद, मध्ये पट्टीने आखलेली रेघ. आजीच्या उधारीच्या वहीसारखीच मांडणी. काही नोंदी घरच्यांच्या संमतीने देते.

१२ जुलै – दूध करपलं. भांडं मी घासलं. आईला सांगितलं माझ्याकडून झालं.
३ सप्टेंबर – गौरीच्या ओवशाचं सूप कुठे ठेवलंय आठवेना. रडली. मी नवीन आणलं, जुनंच आहे म्हटलं.
२२ नोव्हेंबर – मला आत्याच्या नावाने हाक. दोनदा. मी ओ दिली.
९ जानेवारी – विचारलं, तुझो आजो जेवलो? मी हो म्हटलं.
२ मार्च – गॅस चालू, वर काहीच नाही. आता बाहेर जाताना रेग्युलेटर बंद करते. सिलिंडर संपलाय सांगते.

सतरा वर्षांच्या मुलीने अकरा महिने हे एकटीने सांभाळलं होतं. का, ते तिने मला तिसऱ्या भेटीत सांगितलं. कोणाला कळलं तर आजीला गावी पाठवतील किंवा आश्रमात ठेवतील, हे तिने टीव्हीवरच्या मालिकांतून आणि शेजारच्या एका घरातून ताडलं होतं. शेजारची भीती खरी होती, हे मान्य करायला हवं.

तपासणी

जूनच्या पहिल्या आठवड्यात आई आणि नात आजीला घेऊन आल्या. केसपेपरवर ‘मुख्य काळजीवाहक’ अशी एक ओळ असते. मी तिथे आईचं नाव लिहिलं. आई म्हणाली तसं लिहिलं, दुसरं काही विचारलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, ‘आजी, आज वार कुठला?’

आजी छान हसली आणि मान उजवीकडे वळवली. ‘माका नको इचारू, ह्या चेडवाक (मुलीला) इचार.’ नात ओठ न हलवता म्हणाली, ‘बुधवार’. आजी डॉक्टरांकडे बघून ठसक्यात म्हणाली, ‘बुधवार.’

महिना कुठला? मान उजवीकडे. नाश्त्याला काय खाल्लं? मान उजवीकडे. पाच प्रश्न झाले आणि पाचही वेळा उत्तर नातीच्या बाजूने आलं. प्रश्न आला की सोबतच्या माणसाकडे बघायचं, हे अल्झायमरच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराच्या, रुग्णांमध्ये इतकं दिसतं की डॉक्टर ते लक्षण म्हणूनच टिपतात. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि नातीला बाहेरून पाण्याची बाटली आणायला पाठवलं.

दार लागल्यावर आजी बराच वेळ त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मग तिने पदर सारखा केला आणि विचारलं, ‘चेडू खय गेला?’ पुढची दहा मिनिटं दर प्रश्नाला तिचं उत्तर तेच होतं.

तरी एक गोष्ट सांगण्यासारखी. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. चौथी शिकलेल्या बाईला हा प्रश्न नीट लागू पडत नाही, आणि कमी शिकलेल्यांसाठी हिंदीत वेगळी चाचणी केलेली आहे ती म्हणूनच. पण आजीने घडाघडा म्हटलं, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. खानावळीचा हिशेब हाडात मुरलेला. आणि पाच मिनिटांपूर्वी सांगितलेले तीन शब्द? एकही नाही. आपल्याला शब्द सांगितले होते हेही नाही.

रक्ततपासणीत बी-१२ बरंच कमी निघालं. थायरॉईड ठीक. डाव्या कानात मळ घट्ट बसलेला, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. विसरण्यामागे यातलं काहीही असू शकतं किंवा त्यात भर घालू शकतं, म्हणून आजाराचं नाव घेण्याआधी हे सगळं बघतात. इंजेक्शनं सुरू झाली, कान साफ झाला, एमआरआय झाला. सहा आठवड्यांनी आजी तरतरीत झाली, चालणं सुधारलं, पण विसरणं तसंच होतं. तेव्हा अल्झायमरचं निदान झालं, सौम्यातून मध्यमाकडे जाणारं. ते कधीपासून आणि कोणत्या वेगाने वाढलं, हे डॉक्टरांना नातीच्या त्या नऊ पानांमुळे कळलं. इतका नेटका पूर्वेतिहास आमच्याकडे क्वचित येतो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचं आढळलं. बायकांत आणि कमी शिकलेल्यांत प्रमाण जास्त. आजी दोन्हींत बसत होती, तरी घरात कोणाच्या मनाला तो शब्द शिवला नव्हता. ‘म्हातारपणी होतंच’ एवढ्यावर विषय संपत होता.

समोरचे पर्याय

जागा सोडायला तीन आठवडे राहिले होते. घरात चार मतं होती आणि चारही मांडणारी माणसं मनापासून बोलत होती.

काकांचं म्हणणं, गावी न्या. घर आहे, मोकळी हवा आहे, थोरली जाऊ आहे. जाऊ ८१ वर्षांची. शिवाय ज्या गावात आजी पन्नासहून अधिक वर्षांत फक्त गणपती-शिमग्याला गेली, ते ‘तिचं गाव’ आठवणीत होतं, रस्त्यांत नव्हतं. तिकडे विहीर उघडी, आणि मेंदूचा डॉक्टर गाठायला दिवस मोडणार. मी हा पर्याय पाच मिनिटांत बाजूला सारला. काकांना ते लागलं. पुढे त्यांना धरून आणायला दोन महिने गेले.

बाबांचं म्हणणं, बदलापूरला भाड्याने जाऊ. विकासकाकडून मिळणाऱ्या भाड्यात तिथे दोन खोल्या येतात, भाऊ जवळ. हिशेबाने हाच सरळ होता. पण आई-बाबांचा जाण्या-येण्याचा वेळ रोज तीन तासांनी वाढणार, आणि ते तीन तास कोणाच्या वाट्याला येणार ते उघड होतं. बारावीच्या मुलीच्या.

आत्याने आश्रमाची चौकशी केली. परवडणाऱ्या तीन ठिकाणी ‘भटकणारे रुग्ण घेत नाही’ हे उत्तर मिळालं. घेणाऱ्या ठिकाणाची महिन्याची रक्कम आई-बाबांच्या पगारांच्या बेरजेजवळ जाणारी. पूर्णवेळ बाई ठेवणंही तसंच. बारा तासांच्या बाईला द्यायचे ते जवळपास आईच्या पगाराएवढे.

चौथा पर्याय आईचा, आणि तिने तो दबकत मांडला. लालबागमध्येच, दोन गल्ल्या सोडून, एकच खोली. भाडं जास्त, जागा कमी, पदरचे पैसे घालावे लागणार.

माझं मत या चौथ्याकडे झुकलं, त्याचं कारण मसाला. आईसोबत मी त्या कुटून देणाऱ्याच्या दुकानात गेले होते. तो म्हणाला, ‘आजी तिसऱ्यांदा आल्या तेव्हाच मला कळलं. मी पोऱ्याला सोबत दिला घरापर्यंत. नात म्हणाली कोणाला बोलू नका, म्हणून बोललो नाही.’ भाजीवालीही दोनदा तिला चाळीच्या दारापर्यंत सोडून गेली होती. म्हणजे आजीची आठवण निम्मी नातीकडे होती आणि उरलेली गल्लीकडे. बदलापूरला ही गल्ली मिळाली नसती.

काय केलं

खोली घेतली. पलंग, देव्हारा आणि कपाट यांची जागा एकमेकांशी होती तशीच ठेवली. नव्या खोलीचं दार उलट्या बाजूला, तरी पलंगावरून डावीकडे बघितलं की देव दिसले पाहिजेत, असा नातीचा हट्ट होता आणि तो अगदी बरोबर होता. आजीच्या बटव्यात आणि पोलक्याच्या आतल्या खिशात फोन नंबर शिवला. गल्लीतल्या पाच माणसांकडे आईचा आणि बाबांचा नंबर दिला. नातीचा मुद्दाम दिला नाही.

गॅस बंद केला नाही, पण आजी एकटी असताना रेग्युलेटर काढून ठेवायचं ठरलं. स्वयंपाकघरातून तिला उठवायचं मात्र नाही. तांदूळ निवडणं, लसूण सोलणं, आडाळीवर (विळीवर) नारळ खवणणं हे ती आजही सराईतपणे करते. हातांना झालेली सवय उशिरा जाते. पहिल्या महिन्यात सगळे तिच्या हातातून वस्तू काढून घेत होते आणि ती चिडून ताटं आपटत होती. खोबरं परत हातात दिल्यावर आपटणं थांबलं.

संध्याकाळी साडेपाचपासून तिची घालमेल सुरू व्हायची. ‘घराक जाऊया, घराक जाऊया.’ बाबा समजावत, आई, हेच घर आहे. त्याने ती आणखी बिथरायची. उपाय नातीने काढला. चप्पल घालून खाली एक फेरी मारायची, कोपऱ्यावर फुलाची पुडी घ्यायची आणि परत येऊन दारात म्हणायचं, ‘इलो गो घराक.’ जोडीला सूर्य मावळायच्या आधीच दिवे लावायचे. दहापैकी सात दिवस जमायचं. उरलेले तीन दिवस काहीच चालायचं नाही, ते रेटायचे.

सगळ्यात अवघड होतं वेळापत्रक. मी कुटुंबाची बैठक घेतली, त्यात काका-आत्यांनाही बोलावलं, आणि मागच्या आठवड्यात आजीसोबत कोण किती तास होतं ते फळ्यावर लिहायला लावलं. नातीच्या नावापुढे ४६ तास आले. काका बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात मुलगा-मुलीबरोबर नातवंडांवरही जबाबदारी आहे, पण फक्त सज्ञान नातवंडांवर. म्हणजे कायद्याने जिला मोकळं ठेवलंय, घरात सगळा भार तिच्यावर. हे मी बोलून दाखवलं, जरा कडक आवाजात.

त्यातून ठरलं ते असं. दुपारी दोन ते सहा अर्धवेळ बाई, पगार काका आणि बाबा निम्मा-निम्मा. आईने दुकानात बोलून आठवड्यातले दोन दिवस लवकर सुटायचं मिळवलं. रविवार आत्याचा. औषधं आणि न्हाणीघर यांत नातीने पडायचं नाही. तिच्याकडे फक्त संध्याकाळची फेरी आणि रात्रीची वेणी. आता वेणी आजीची, घालणारी नात. बाकी वेळ अभ्यासिकेत. पहिल्या आठवड्यात ती अभ्यासिकेत बसून दर अर्ध्या तासाने बाईंना फोन करत होती. मग बाईंनीच तिला दटावलं.

कागदपत्रांचा प्रश्न

हा भाग घाईत करावा लागला, आणि अशा घरांना तो सगळ्यात उशिरा सुचतो. भाडेपावती आजीच्या नावावर. पर्यायी जागेच्या करारावर सही तिचीच लागणार. काकांना वाटत होतं, कुलमुखत्यारपत्र करून टाकू. पण देणाऱ्याची समज गेली की आपल्याकडे साध्या मुखत्यारपत्राचा आधार उरत नाही. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने कोणाला देताही येत नाही. हे वकिलांनी सांगितल्यावर काकांचा चेहरा उतरला, कारण ते बदलापूरला राहतात आणि खोलीत राहत नाहीत.

आजीला करार कळतो का? डॉक्टरांनी तिला तीन वेगवेगळ्या सकाळी तेच विचारलं. खोली कोणाची, ती कशासाठी सोडायची, बदल्यात काय मिळणार. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं: ‘खोली माझी, पाडून मोठी देतले, तवसर (तोवर) भाडा देतले.’ दुपारी चारला विचारलं असतं तर आलं नसतं. म्हणून सही सकाळी दहाला, दोन्ही मुलांसमोर, करार मराठीत वाचून, डॉक्टरांच्या लेखी अभिप्रायासह झाली. अजून सहा महिने गेले असते तर हे जमलं नसतं, असं मला वाटतं.

त्याच आठवड्यात आजीने मला विचारलं, ‘माका काय झाला ता सांग.’ बाबांनी मानेने नको केलं. मी डॉक्टरांना बोलावलं, आणि त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं की विसरायचा आजार आहे, वाढत जाईल, औषधाने त्रास थोडा हलका होईल. आजीने ऐकून घेतलं आणि हातातल्या पाटल्या काढायला लागली. ‘मगे ह्यो आताच देतंय.’ एक नातीला, एक काकांच्या मुलाच्या होणाऱ्या बायकोला. दुसऱ्या दिवशी ती पाटल्या शोधत होती. नातीने आपली काढून तिच्या हातात घातली, संध्याकाळी परत घेतली. हे अजून चालू आहे.

परिणाम

सगळं चांगलं झालं नाही. डिसेंबरात बाई दोन दिवस न सांगता आल्या नाहीत, आई दुकानात, आणि नात कोणाला न कळवता घरी थांबली. त्या दुपारी आजी मोरीत घसरली. डाव्या मनगटाला बारीक फ्रॅक्चर. मुलीने ते इतकं मनाला लावून घेतलं की आठवडाभर तिने पुस्तक उघडलं नाही. बाई न आल्यास काय करायचं, हे वेळापत्रकात लिहिलंच नव्हतं. ती चूक नातीची नव्हती. आमची होती.

प्लॅस्टर निघालं. बारावीची परीक्षा झाली, ७१ टक्के पडले. आजी आता नातीला बहुतेक वेळा आत्याच्या नावाने हाक मारते, कधी स्वतःच्या धाकट्या बहिणीच्या. एकदाही रस्ता चुकून हरवली नाही. उधारीची वही मात्र अजून तोंडपाठ. बाईंनी तिला विचारायला सुरुवात केली, अमक्याकडे किती राहिले गो आजी? आणि आजी आकडा सांगून वर एक शिवी घालते. दुपारचा तास बरा जातो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या भेटीत मी नातीला म्हणाले, ‘किती गुणाची आहेस गं, अशी नात सगळ्यांना मिळो.’ मनापासून म्हणाले. त्या एका वाक्याने मी तिच्यावर कुलूप घातलं. गुणाची नात दमत नाही, चिडत नाही, ‘मला जमत नाही’ म्हणत नाही. तिला रात्री झोप येत नव्हती आणि अकरावीच्या शेवटच्या परीक्षेत ती दोन विषयांत नापास झाली होती, हे तिने दुसऱ्या भेटीतही सांगितलं नाही. तिसऱ्या भेटीत, आई बाहेर गेल्यावर, मी विचारलं, ‘आजीचा राग येतो का कधी?’ तेव्हा बांध फुटला. हा प्रश्न पहिल्या दिवशी, एकटीला बाजूला घेऊन विचारायला हवा होता.

केसपेपरवरची ती ओळ. आता मी ‘काळजी कोण घेतं’ असं विचारत नाही. काल रात्री आजीला उठवून मोरीत कोणी नेलं, सकाळी गोळी कोणी दिली, असं विचारते. उत्तर बरेचदा शाळेच्या गणवेशात बाजूला बसलेलं असतं.

काकांचा पर्याय मी फार लवकर मोडीत काढला. गावाचा पर्याय चुकीचाच होता, असं आजही वाटतं. पण त्यांनी तो का मांडला, हे ऐकून घेतलं असतं तर कळलं असतं की आईला सांभाळत नाही याची टोचणी त्यांना होती आणि त्यांना काहीतरी द्यायचं होतं. बाईच्या पगाराचा निम्मा वाटा त्यांनी जूनमध्येच उचलला असता. तो मिळायला ऑगस्ट उजाडला.

नातीने झाकलं ते चुकलं का, हे आई मला अजून विचारते. माझ्याकडे सरळ उत्तर नाही. अकरा महिने लवकर निदान झालं असतं, बी-१२ लवकर भरून निघालं असतं, गॅसचा धोका टळला असता. हे खरं. आणि त्या अकरा महिन्यांत आजीला एकदाही कोणी ‘तुला काही कळत नाही’ असं म्हणालं नाही, हेही खरं. ती सहीच्या दिवशी ठसक्यात बोलू शकली, त्यात याचा वाटा असावा असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही. मुलीने नोंदी ठेवल्या, म्हणजे कधीतरी दाखवायच्या हे तिच्याही मनात होतं. दाखवायला भीती वाटणार नाही असं मोठं माणूस तिला घरात दिसलं नाही, आणि मोठ्या माणसांना बसून बघायला फुरसत नव्हती. कोणाला दोष द्यावा असं यात मला कोणी सापडत नाही. साडीच्या दुकानात साडेआठपर्यंत उभं राहणारी बाई तर नाहीच.

घरात कोणाशी बोलता येत नसेल तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर नातवंडांनीही फोन करायला हरकत नाही, हे मी आता प्रतीक्षागृहातल्या फलकावर वेगळ्या कागदावर लिहून लावलंय.

प्रकरण बंद झालेलं नाही. रात्री आजी दोन-तीनदा उठते आणि झोपमोड अजून नातीचीच होते, कारण पलंग एकच आहे आणि आजी दुसऱ्या कोणाशेजारी झोपत नाही. आईने दोनदा प्रयत्न केला, आजीने तिला ‘तुमी खयच्या?’ विचारून उठवलं. नातीने पुण्याच्या एका कॉलेजात अर्ज केलाय. घरात ते फक्त आईला माहीत आहे. पुढची भेट येत्या गुरुवारी आहे. बाबांनी फोन करून सांगितलं, या वेळी मी एकटा येतो, आणि येताना ती वही आणू का, असं विचारलं.